करवलीची ओळ

मालिका संध्याकाळी साडेसातला लागणार होती आणि आशाबाईंनी पुरण दुपारी तीनलाच शिजायला टाकलं. एरवी त्यांच्या घरात पुरणाची पोळी व्हायची ती सणाला, नाहीतर जावयासाठी. त्या दिवशी सण नव्हता, आणि जावई तर नव्हताच. त्या न झालेल्या जावयापायीच घराचं सगळं बिनसलं होतं. पण त्यांची लेक प्रेरणा टीव्हीवर दिसणार होती. म्हणून त्यांनी मोठे दीर कडूबा आणि जाऊ भामाबाई यांना आवर्जून जेवायला सांगितलं. कडूबांना कानानं कमी ऐकू यायचं, आणि भामाबाईंना जरा जास्तच. एक गोष्ट भामाबाईंनी पाहिली की सकाळपर्यंत ती अख्ख्या चिकलठाण्यानं पाहिल्यासारखी व्हायची. आशाबाईंना नेमकं तेच हवं होतं. लेकीचं नाव चार लोकांत घालवलं गेलं होतं, ते चार लोकांतच परत मिळायला पाहिजे, असा त्यांचा साधा हिशेब.

नाव घालवलं होतं ते आप्पासाहेबांनी, म्हणजे आशाबाईंच्या नवऱ्यानं. चार वर्षांपूर्वी खुलताबादकडचं बागायतदार स्थळ पक्कं झालं, साखरपुड्याच्या साड्या आल्या, आणि आठ दिवस आधी प्रेरणा एक बॅग घेऊन मुंबईला निघून गेली. कुणा पोराबरोबर नाही, नाटकात काम करायला. पोराबरोबर गेली असती तर निदान लोकांना कळलं तरी असतं! आप्पासाहेबांनी आरडाओरडा केला नाही. भावकी जमली होती, तिच्यासमोर ते अंगणातल्या नळाखालच्या दगडावर जाऊन बसले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून बादली ओतून घेतली. माणूस गेल्याची खबर आल्यावर घेतात तशी. जिवंत लेकीच्या नावानं आंघोळ करून ते उठले, कपडे बदलले आणि म्हणाले, "च्या टाका."

तेव्हापासून घरात प्रेरणा हा शब्द बंद. आशाबाई फोनवर बोलायच्या त्या मागच्या मोरीशी उभं राहून, नळ चालू ठेवून. धाकटा सुदर्शन बहिणीचा नंबर फोनमध्ये 'गॅसवाला' या नावानं ठेवायचा आणि बापाच्या धाकानं कधी लावायचा नाही.

आता त्याच सुदर्शनचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेचा कच्चा नमुना गुलमंडीवरच्या छापखान्यातून आला होता आणि दोन दिवस टीव्हीखालच्या कपाटावर पडून होता. वर देवांची नावं, मग घरातल्या गेलेल्या माणसांची 'कै.'ची ओळ, मग आप्पासाहेब आणि आशाबाई, मग काका, मामा, आणि खाली एका ओळीत करवल्या. करवली म्हणजे नवरदेवाची बहीण. सख्खी बहीण असताना त्या ओळीत छापलं होतं, 'कु. सायली'. सायली म्हणजे कडूबांची नात. पोरगी गुणाची, पण ती नवरदेवाची पुतणी, आणि आशाबाईंना ती ओळ डोळ्यांत कुसळ गेल्यासारखी सलत होती. दोन दिवस त्या नवऱ्याच्या मागं लागल्या. शेवटी आप्पासाहेब म्हणाले, "लई टीव्ही टीव्ही लावलंय ना. बघू दे तिनं तिथं काय दिवे लावलेत. बघतो आन मग ठरवतो."

एवढं पुरे होतं. चार वर्षांत त्यांनी लेकीबद्दल उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. 'दिवे लावलेत' असं का होईना, लेकीबद्दल बोलले तर!

आणि नाव पत्रिकेत यावं, हे आशाबाईंना नुसतं मानापानासाठी वाटत नव्हतं. दोन वर्षांमागं कडूबांच्या धाकट्या मुलाचं लग्न करमाडला झालं. प्रेरणा न बोलावता आली, चुलतभावाचं लग्न म्हणून. अक्षता वाटून झाल्या होत्या, भटजींनी मंगलाष्टकं धरली होती. आप्पासाहेबांनी तिला बघितलं, मांडवाच्या कडेला जाऊन पायात चपला घातल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले. सख्खा काका उठून गेल्यावर अक्षता कशा टाकायच्या? मुहूर्त ताटकळला. चार जण जीपकडे धावले, आणि दोन जण प्रेरणाला 'तू निघ' म्हणायला. प्रेरणा न जेवता जालना रोडला गेली आणि मिळेल त्या बसमध्ये चढली. त्या वेळी लेकीच्या मागं आपण चार पावलंसुद्धा गेलो नाही, याची आशाबाईंना आजही लाज वाटायची. म्हणून सुदर्शनच्या लग्नाची तारीख त्यांनी प्रेरणाला सांगितलीच नव्हती. "पत्रिका छापू दे, मग सांगते," एवढंच म्हणत आल्या होत्या. छापलेल्या नावाला मांडवातून कोण उठवणार?

"मोठ्ठं काम हाय तिला," असं त्यांनी भामाबाईंना सांगून ठेवलं होतं. यात त्यांचं खोटं फार थोडं होतं. प्रेरणाच म्हणाली होती, "आई, मी रोज दिसणार. एक दिवस चुकणार नाय." रोज दिसते ती हिरोईन नाहीतर सासू, आणि सव्वीस वर्षांच्या पोरीला सासू कोण करील?

साडेसात वाजले. कडूबा आणि आप्पासाहेब दिवाणावर, सुदर्शन दारात फोन घेऊन, भामाबाई खुर्चीवर. आशाबाई मोठ्या दिरासमोर डोक्यावरून पदर घेऊन खाली बसल्या, पण टीव्हीच्या इतक्या जवळ की भामाबाई म्हणाल्या, "आशे, आत जाती का काय टीव्हीच्या?"

मालिकेचं नाव 'चौघांचं अंगण'. अंगण मात्र चाळीस जणांना पुरेल एवढं होतं. पहाट झाली, सगळ्या बायका भरजरी साड्या नेसून, नथी घालूनच झोपेतून उठल्या. स्वयंपाकघर असं, की त्यात आशाबाईंचं घर गच्चीसकट मावलं असतं. आणि त्या एवढ्या स्वयंपाकघरात एक बाई दहा मिनिटं एकच कांदा चिरत होती. कुणी चहा मांडला नाही, कुणाचं दूध उतू गेलं नाही, पाणी आलं का म्हणून कुणी नळाकडं बघितलं नाही. सून आरतीचं ताट घेऊन आली, ताट तिरपं झालं, आणि घरातल्या सात माणसांचे चेहरे एकेक करून तीन-तीन वेळा दाखवले.

"ताटच पडलं ना?" कडूबांनी मोठ्यानं विचारलं. "मानूस पडल्यावानी काय करायलेत?"

एरवी आशाबाई हसल्या असत्या. पण त्यांचे डोळे नुसते चेहरे चाळत होते. सून प्रेरणा नव्हती. नणंद नव्हती. देवळातल्या गर्दीत एक पाठमोरी वेणी दिसली, त्यांनी श्वास धरला; वेणी वळली आणि भलतीच कुणीतरी निघाली. चहाचा ट्रे घेऊन मोलकरीण आली, तीही नव्हती. पहिल्या जाहिराती लागल्या. साबण, मसाला, सोन्याचं दुकान.

"आजून नाय का गं आली?" भामाबाईंनी विचारलं.

"हिरोईन उशिरानंच येती, आक्का."

"व्हय का? मग ती ताटवाली कोन?"

आप्पासाहेब पुढं सरकून बसले होते. चष्मा पुसून त्यांनी परत लावला. आशाबाईंनी ते पदराआडून बघितलं. हा माणूस शोधतोय. माझ्यासारखाच चेहरे चाळतोय. देवा, एकदाच दाखव तिला, नीट दाखव, चांगलं बोलताना दाखव.

दुसऱ्या जाहिराती संपल्या. आता मालिकेतल्या घराचा कर्ता पुरुष दिवाणखान्यात एकटाच आला. पांढरे कल्ले, रेशमी झब्बा. सनईसारखं काहीतरी वाजायला लागलं. तो भिंतीसमोर उभा राहिला, त्यानं हात जोडले, आणि कॅमेरा सावकाश भिंतीकडं वळला.

भिंतीवर प्रेरणा होती.

सोनेरी चौकटीत, पिवळ्या साडीत, गालाला खळी पाडून हसत. चौकटीला चंदनाचा हार. खाली समई. कपाळावर फोटोच्या काचेवरून लावलेलं ओलं कुंकू.

"आज तू असतीस तर," तो म्हणाला, "या घराची ही दशा झाली नसती."

आणि कॅमेरा प्रेरणाच्या चेहऱ्याजवळ गेला. एकदा, दोनदा, तीनदा.

भामाबाईंनी तोंडावर हात घेतला. "आगं बया! जित्या लेकराच्या फोटूला हार?"

"आपली पोरगी ना ही?" कडूबा ओरडले. "मेली व्हय ह्याच्यात?"

"आवो, गप बसा की!"

"आता मेली आसंल तर पुढं काय काम हाय तिला?"

सुदर्शन दारातून बाहेर सटकला. अंगणातला तो दगड, ती बादली, नवऱ्याच्या गालांवरून ओघळणारं पाणी, सगळं एकदम आशाबाईंच्या डोळ्यांसमोर आलं. त्यांना राग आला. मालिकावाल्यांचा, लेकीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कुठल्या तोंडानं पुरण घातलं? लेकीच्या फोटोला हार घातलेला बघायला भावकीला पोळ्या खाऊ घातल्या आपण. तेराव्याचं जेवण वेगळं काय असतं?

त्या नवऱ्याकडं वळल्या. आप्पासाहेबांनी रिमोट उचलला होता आणि त्यांचा अंगठा बटणावर नुसता टेकला होता, दाबला जात नव्हता. डोळे पडद्यावर. ओठ घट्ट मिटलेले. एक क्षण, अगदी एकच क्षण आशाबाईंना वाटलं, हा माणूस आता हंबरडा फोडणार. फोडू दे. फोडला तर सगळं धुऊन निघेल.

पण भामाबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या बघतायत हे आप्पासाहेबांना कळलं. बटण दाबलं गेलं. पडदा काळा झाला. त्यांनी कपाटावरचा पत्रिकेचा नमुना ओढला आणि बायकोपुढं धरला.

"नाव टाका, नाव टाका म्हनत व्हतीस ना? सांग, कुठं टाकू? खाली करवलीत, का वर 'कै.'च्या वळीत?"

इतकं वाईट बोललं गेल्यावर भामाबाईसुद्धा खाली बघायला लागल्या. आशाबाई उठल्या, आत गेल्या आणि पानं वाढायला घेतली. दुसरं काय करणार होत्या? माणसं जेवायला बोलावली होती. कडूबांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि तूप मागून घेतलं.

फोन आला तेव्हा पुरुषांची पानं उठली होती. आशाबाई मोरीशी गेल्या. नळ सोडला.

"आई, आप्पांनी बघितलं? खरं सांग."

"बघितलं."

"पूर्ण?"

"तुझा फोटू येस्तवर डोळे काढले नायत त्यांनी," आशाबाई म्हणाल्या, आणि हे खरंच होतं. मग त्यांना राहवलं नाही. "आगं पन आसलं काम कशाला घेतलं, बाई? हार घातला गं तुला."

पलीकडं प्रेरणा जराशी हसली. "आई, मला दोन कामं देत होते. एक मोलकरणीचं, त्यात बोलायला होतं. पण ती बाई दहाव्या भागात गावाला जाते आणि संपलं. हा फोटो मात्र मालिका चालेल तोवर भिंतीवर राहणार. मीच म्हणाले, मला फोटोच द्या. म्हटलं, आप्पा मला घरात घेत नायत, पण टीव्ही तर घरातच हाय ना. रोज दिसले की सवय होईल त्यांना. होईल ना गं?"

आतून आप्पासाहेबांचा आवाज आला. ते सुदर्शनला सांगत होते, सायलीचं हाय तसंच राहू दे, पाठवून दे छापायला. आणि उद्यापासून साडेसातला बातम्या लावायच्या, दुसरं काय लागलेलं दिसलं तर टीव्हीच काढून टाकीन. सुदर्शन म्हणाला, "व्हय, आप्पा." आशाबाईंनी नळ आणखी सोडला.

"व्हईल," त्या म्हणाल्या. "व्हईल सवय."

"आणि पत्रिका? नाव आलं?"

"आलं."

"करवलीत?"

"करवलीतच. पयलं नाव तुझंच."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आता तरी तारीख सांग मग. इथं सुट्टी आधी मागावी लागती. ह्या वेळंला मी नीट दोन दिवस आधी येणार, हळदीला. कुणाच्या मागं उभी राहणार नाय."

लग्न चौदा तारखेला होतं. आशाबाईंना मांडव दिसला. नटूनथटून आलेली लेक दिसली, आणि चपलांकडं चाललेला नवरा दिसला. त्याच्या पुढ्यात आडवं उभं राहावं, एवढा जीव आपल्यात या जन्मी नाही, हेही त्यांना त्या मोरीत उभ्या उभ्या स्वच्छ कळलं. त्याचं त्यांना रडू आलं नाही. नुसती स्वतःची किळस आली.

"एकवीस," त्या म्हणाल्या. "एकवीस तारीख. लिहून घे."

"एकवीस ना? नक्की?" प्रेरणानं विचारलं.

"व्हय," आशाबाई म्हणाल्या.