घासलेली शिवराई

घरातली वस्तू सापडेनाशी झाली की आपली नजर आधी कामाला येणाऱ्या बाईकडे जाते. पोराला मार्क कमी पडले की मास्तरांकडे जाते. स्वतःच्या हाताकडे मात्र ती सगळ्यात शेवटी जाते. आपण सगळेच असे आहोत. नंदगडजवळच्या एका गावातल्या भावकूचंही तसंच झालं.

भावकूच्या देव्हाऱ्यात आजोबांपासून चालत आलेली एक शिवराई होती. शिवराई म्हणजे मराठ्यांच्या राज्यातलं तांब्याचं नाणं. गल्लीतल्या भरमूकडेही तसलीच एक होती. निपाणीत भांड्यांचं दुकान चालवणारे श्रीपालशेठ जुन्या नाण्यांचे जाणकार. त्यांच्यामार्फत नाणी तपासणीच्या कंपनीकडे जात. नाणं अस्सल आहे का, किती झिजलं आहे हे तिथले लोक बघतात, त्याला दर्जाचा आकडा देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. दोघांनीही आपापली शिवराई शेठकडे दिली.

तीन महिन्यांनी डब्या आल्या. भरमूच्या काळ्याकुट्ट नाण्याला चांगला आकडा मिळाला होता. भावकूच्या लखलखीत नाण्याला मात्र आकडाच नव्हता! बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या नातीनं, दिपालीनं, डबीवरची इंग्रजी ओळ वाचून दाखवली.

"आजोबा, नाणं अस्सल हाय म्हणत्यात. पण वरनं घासलंय, म्हणून आकडा दिला न्हाय."

"त्या भरमूच्या कोळशाला आकडा, आन् माझ्या सोन्यावानी नाण्याला न्हाय?" भावकू उसळला. "बदललंय ते! शेठनं माझं ठेवून घेतलं आन् दुसरंच घालून दिलं."

"आवो, तीस वर्सं भांडी घेतोय त्येंच्याकडनं," त्याची बायको मालुबाई म्हणाली. "कधी वजनात तरी फसवलं का?"

"भांडं येगळं, नाणं येगळं. तुला काय कळतंय गं?"

सकाळी डेअरीत दूध घालताना त्यानं ते रांगेत बोलून टाकलं. पंधरा दिवसांत चौघांनी शेठकडची आपली नाणी परत मागवली. एकानं मुलीच्या लग्नातली भांडी दुसरीकडे सांगितली. शेठचं नाव निघालं की लोक एकमेकांकडे बघू लागले.

मग भावकू स्वतःच निघाला. मालुबाईही हट्टानं बरोबर आली. बेळगावात गाडी बदलून दोघं निपाणीला पोचली. दुकानात दोन गिऱ्हाइकं हंडे बघत होती.

"बर्री आण्णा, या, या!" शेठ म्हणाले. " वहिनी, बसा."

"बसाय आलो न्हाय. माझी शिवराई काढा."

"तुमच्या हातात आहे की."

"ही माझी न्हाय!"

गिऱ्हाइकांचे हात हंड्यावरच थांबले. शेठचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"तुमच्या नाण्याची काही खूण आहे का, आण्णा?"

"कडंला खाच हाय. ल्हानपणी मीच दगडानं पाडलेली."

शेठनं त्याच्या हातात भिंग दिलं. भावकूनं डबी उजेडात धरली. कडेला खाच होती! तरी तो म्हणाला, "खाच काय, कुणीबी पाडंल."

"बरं. मग अक्षरांच्या मधे बघा."

भावकूनं पुन्हा भिंग लावलं. नाण्यावर बारीक बारीक रेघा होत्या, घासलेल्या घागरीवर असतात तशा. आणि अक्षरांच्या खाचेत लालसर कण अडकले होते. विटेची भुकटी!

इतके दिवस मनाआड केलेलं सगळं त्याला आठवलं. नाणं द्यायच्या आदल्या दिवशी, मालुबाई शेतात गेली असताना, परसातल्या दगडावर बसून त्यानं चिंच, मीठ आणि विटेच्या भुकटीनं तासभर ते घासलं होतं. पोरगी दाखवायला न्यायच्या आधी नटवतात, तसं. दुसऱ्या दिवशी याच दुकानात शेठनं विचारलं होतं, "आण्णा, घासलंय का हे?" भावकूला वाटलं, शेठ खोट काढायला बघतोय. तो ठासून म्हणाला होता, "न्हाय."

हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसलं तरी चालणार होतं. त्यात शेठच म्हणाले, "तपासणाऱ्यांचीही चूक होऊ शकते. पुन्हा पाठवायचं का?"

भावकूला ते ऐकवेना.

"शेठ, चूक कुणाची न्हाय! मीच घासली हो ती, ह्या हातानं!"

"आगं आई!" मालुबाईनं कपाळाला हात लावला. "घरातला एक तांब्या कधी घासला न्हाईत, आन् नाणं तेवढं घासलं!"

गिऱ्हाइकं हसली. शेठ हसले नाहीत.

"आण्णा, पूजेचा तांब्या घासावा, तो रोजच्या वापरातला. नाण्यावरचा काळपट थर म्हणजे त्याची कातडी. ती यायला दीडदोनशे वर्षं लागतात, आणि तीच आतलं तांबं राखते. तुम्ही ती सोलून काढलीत. भरमूचं नाणं काळं होतं, पण तो काळेपणा त्याच्या अंगचा होता. तपासणारे चकाकी बघत नाहीत, माणसाचा हात कुठं फिरलाय ते बघतात. त्या दिवशी 'घासलंय' म्हणाला असता, तर मी पाठवूच नका म्हटलं असतं. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून खोटं बोललात, आणि त्या खोट्याचा निकाल आला तेव्हा चोर मी झालो!"

भावकूनं टोपी काढून हातात घेतली. "माफ करा शेठ. गावात जिथं बोललो, तिथंच जाऊन सांगतो."

दुसऱ्या दिवशी डेअरीत त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "शेठ खरा माणूस हाय. नाणं मी बिघडवलं, आन् खोटंबी मीच बोललो."

मग भरमू डोळे बारीक करून म्हणाला, "व्हय रं भावकू, गप करायला शेठनं काय दिलं तुला?"

सगळे हसले. भावकूच्या कानशिलांना आग लागली. तो खरं बोलत होता, आणि खरं दाखवायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं! निपाणीच्या त्या दुकानात बसलेल्या माणसानं पंधरा दिवस काय सोसलं असेल, ते त्याला आता कळलं.

"काय दिलं न्हाय," तो म्हणाला. "उद्या परत सांगतो. परवाबी सांगीन."

आणि त्यानं सांगितलं. रोज, महिनाभर. शेवटी भरमूच एक दिवस आपलं पातेलं शेठकडे कल्हईला द्यायला निपाणीला गेला.

बंधूंनो, भगिनींनो, संशय यायला पुरावा लागत नाही. पण संशयानं घासून काढलेली माणसाची अब्रू नाण्याच्या कातडीसारखीच असते. ती पुन्हा धरायला फार दिवस लागतात, आणि कधी कधी धरतच नाही. म्हणून कुणाला चोर म्हणण्याआधी आपण स्वतः काय केलं, काय लपवलं, ते एकदा नीट आठवून बघा.