न घेतलेलं नाव

धन्याचं दिवसकार्य उरकलं आणि गोजराबाईला पोस्टातली शिल्लक आठवली. जमीन मुळशीच्या धरणात बुडाल्यापासून धनी बैलगाडीनं पुण्याला कोळसा वाहायचे. त्यातूनच पोटाला चिमटा घेऊन दोघांनी म्हातारपणासाठी चार पैसे साठवले होते. पोटी मूल नव्हतं. ते पैसे मिळाले तर स्वतःच्या चुलीवर शिजवून खायचं. नाहीतर पुतण्याच्या दारात तुकडा मोडायचा, आणि त्याची बायको कशी होती ते गावाला ठाऊक होतं.

नव्या कायद्यानं नवऱ्यामागं बायको वारस, असं लोक सांगत. त्या भरवशावर ती पुतण्याला, भैरूला, सोबत घेऊन मालेहून पौडला पोस्टात गेली.

मास्तरांनी सांगितलं, की पैसे भैरूच्या नावावर आहेत. चुलता नुसता पालक होता. भैरू आता जाणता झाला, तेव्हा पैसे त्याचेच.

गोजराबाईला तो दिवस आठवला. खातं उघडलं त्या दिवशी बैल बुजत होते, म्हणून धनी कासरा धरून बाहेरच थांबले आणि तिला आत पाठवलं. तेव्हाच्या मास्तरांनी विचारलं, पैसे कुणाच्या नावानं ठेवायचे? आता नवऱ्याचं नाव का कुणी बाई चारचौघांत घेते? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. स्वतःचं सांगावं हे तर तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. भैरू तेव्हा तिच्याच ताटात जेवायचा. तिनं त्याचं नाव सांगितलं, आणि धन्यानं बाहेर आणलेल्या कागदावर काही न विचारता अंगठा उठवला. बायकोवर एवढा विश्वास ठेवू नये माणसानं.

भैरूचे डोळे भरून आले होते. "काकी, तात्यांनी माज्यासाठी एवढं ठिवलं व्हय?"

खरं सांगायचं तर ते आताच. पण ज्याला घास भरवला त्याच्या तोंडावर कसं सांगावं? "व्हय," ती म्हणाली. "लई जीव हुता त्यांचा तुज्यावर."

मास्तर भले होते. मालकांच्या नावानं आणखी काही आहे का बघतो म्हणाले, आणि त्यांनी नाव विचारलं.

गोजराबाईनं पदर पुढं ओढला. "हैबतराव," ती म्हणाली. "हैबतराव कुशाबा."

त्या नावावर काहीच नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली. चूल पेटवावी असं वाटलं नाही. आता नाव घ्यायला कुणाची चोरी नव्हती. उंबऱ्यात बसून तिनं रिकाम्या गोठ्याकडं तोंड करून हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली, जरा मोठ्यानं.