पोलादी मॅगझीनचा वाकलेला ओठ

आधी कबूल करतो, मित्रांनो, आणि मग गोष्ट सांगतो. माझ्यामुळे एका भल्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. त्यात माझा दोष किती आणि दुसऱ्याचा किती, हे तुम्हीच ठरवा.

मी एक जुने पोलादी मॅगझीन आहे. वाचायचे मासिक नव्हे. नेमबाजीच्या रायफलला खालून जी छोटी चपटी डबी बसवतात, ती मी. माझ्या पोटात पाच गोळ्या मावतात. तळाशी स्प्रिंग असते, ती गोळ्यांना वर ढकलते. वरच्या बाजूला पत्र्याच्या दोन वळवलेल्या कडा असतात, त्यांना ओठ म्हणतात. हे ओठ गोळीला धरून ठेवतात आणि वेळ आली की सरळ पुढे सोडतात. ओठ केसभर वाकला तरी गोळी तिरकी निघते आणि अडकून बसते. आमच्या रायफलने कधी कुणाचा जीव घेतला नाही. कागदावरची काळी वर्तुळे, एवढेच आमचे लक्ष्य.

पोलादाच्या पत्र्यातून मला कापले, दाबून वळवले, जोडले, काळे पॉलिश चढवले. मग मी आयर्लंडला आलो. तिथे विकलो नावाच्या परगण्यात, डोंगरापाशी एक नेमबाजीचा क्लब आहे. क्लब म्हणजे एक लांबट शेड, समोर मातीचा उंच बांध आणि वर्षातले निम्मे दिवस भुरभुर पाऊस. तिथल्या कुलपाच्या लोखंडी कपाटात माझी जागा होती. तिकडे कपाटाला 'प्रेस' म्हणतात. त्या प्रेसच्या किल्ल्या सव्वीस वर्षे एकाच माणसाकडे होत्या. त्याचे नाव फिंटन.

फिंटन बसगाड्यांचा मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर क्लबची हत्यारे सांभाळणे हेच त्याचे काम झाले. नेमबाजी संपली की तो आम्हाला एकेक करून हातात घेई, तेलाच्या फडक्याने पुसे आणि अंगठ्याचे नख माझ्या दोन्ही ओठांवरून हळूच फिरवी. नखाला काही लागले नाही की म्हणे, "ग्रँड," म्हणजे झकास. सव्वीस वर्षांत माझ्यात एकदाही गोळी अडकली नाही. नवे सदस्य आले की फिंटन मला वर धरून सांगे, "हे बघा, वस्तू अशी ठेवायची असते." मी मनातून फुगून जाई.

आठ वर्षांपूर्वी विद्याधर क्लबात आला. तो मूळचा नाशिकचा, लिक्सलिप गावातल्या, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. कॉलेजात असताना एनसीसीत त्याने थोडी नेमबाजी केली होती. सुरुवातीला तो फार गप्प असे. फिंटननेच त्याला श्वास कधी रोखायचा, खांदा कसा सैल सोडायचा ते शिकवले आणि चहाच्या वेळी शेजारी बसवून घेतले. गोळ्या भरताना विद्याधर पुटपुटे, "एक, दोन, तीन, चार, पाच." मराठी मी त्याच्याकडूनच शिकलो. म्हणून तर आज तुमच्याशी बोलू शकतो.

गेल्या वर्षी क्लबने ठरवले की सहा नवी मॅगझीन घ्यायची. पोलादी घ्यायची की प्लास्टिकची, यावर वाद सुरू झाला. विद्याधर प्लास्टिकच्या बाजूचा होता.

"इथल्या ओलाव्यात पोलादाला गंज धरतो," तो म्हणाला. "प्लास्टिकला तेलपाणी नको. पडलं तरी वाकत नाही, परत जागेवर येतं. वाकून वाकडं राहणं हा धातूचा स्वभाव आहे."

फिंटन हसला. "वाकलेलं मी सरळ करू शकतो. तुझं प्लास्टिक तडकलं की कचऱ्यात."

"पण तडकलेलं लगेच दिसतं. वाकलेलं दिसत नाही."

"मला दिसतं," फिंटन म्हणाला.

दोघांचेही बोलणे खरे होते. पण तेव्हा मला ते पटत नव्हते. नमुन्यासाठी एक प्लास्टिकचे मॅगझीन आले आणि प्रेसमध्ये माझ्या शेजारी बसले. हलके, गुळगुळीत, धुरकट रंगाचे. माझा जळफळाट झाला. ते पहिल्याच दिवशी तडकावे, असे मी मनोमन म्हणत होतो. हे सांगायला मला आज लाज वाटते.

मग तो शनिवार आला. दुपारची वेळ होती, हात गारठवणारा वारा होता. शेडमध्ये विद्याधर एकटाच आम्हा दोघांना आलटून पालटून रायफलला लावून बघत होता. फिंटन आतल्या खोलीत चहा करायला गेला होता. विद्याधरच्या गारठलेल्या बोटांतून मी निसटलो आणि तोंडावर सिमेंटच्या पायरीवर आपटलो.

त्याने मला चटकन उचलले. आजूबाजूला पाहिले. कुणी नव्हते. माझा डावा ओठ किंचित आत गेला होता. त्याने तो अंगठ्याने बाहेर दाबला, डोळ्यांसमोर धरला, पुन्हा दाबला. "ठीक आहे. ठीक आहे," तो स्वतःशीच म्हणाला. मलाही वाटले, मी पोलाद आहे, मला काय होते?

तेवढ्यात फिंटन दोन कप घेऊन आला. फडके उचलत त्याने मला घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या," विद्याधर म्हणाला. "मी पुसलंय. ओठही तपासलेत."

फिंटनने त्याच्याकडे पाहिले आणि हात मागे घेतला. "ग्रँड," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या ओठांवरून त्याचे नख फिरले नाही. त्याने प्रेसला कुलूप लावले.

पुढच्या रविवारी दुसऱ्या एका क्लबशी सामना होता. आमच्याकडून ओर्ला नावाची सदस्य उतरली होती. तिचे गुण चांगले आले असते, तर प्रांताच्या संघात तिची निवड व्हायची होती. तिने मला रायफलला लावले. पहिली गोळी नीट गेली. दुसरी गेली. तिसरी माझ्या डाव्या ओठाला घासली, तिरकी झाली आणि अडकली. ओर्लाने नियमाप्रमाणे रायफल खाली ठेवून हात वर केला. गोळी काढेपर्यंत वेळ निघून गेला आणि तिचे मनही थाऱ्यावर राहिले नाही. निवड हुकली.

 फिंटनच पुढे झाला. "किल्ल्या माझ्याकडे असतात. जबाबदारी माझी."

विद्याधर तिथेच उभा होता. त्याने ओर्लाचे साहित्य गोळा करायला घेतले.

आता पुढचे ऐका. क्लबच्या समितीने मला तपासून अहवाल लिहायचे काम कुणाला दिले असेल? विद्याधरला. तो समितीतही होता आणि कारखान्यात मोजमापाचेच काम करायचा. त्याच्याकडे बंदुकीचा परवाना होता, म्हणून मला कुलपाच्या डब्यात घालून तो लिक्सलिपला घेऊन गेला. घरी जेवणाच्या टेबलावर त्याने भिंग काढले, व्हर्निअर काढला आणि दोन्ही तसेच बाजूला ठेवले. मग त्याने इंग्रजीत दोन वाक्ये लिहिली. डावा ओठ वयोमानाने झिजून वाकला आहे. नियमित देखभालीत हे लक्षात यायला हवे होते.

मला तेव्हा कसला राग आला, सांगू? मला 'झिजलेले' म्हटले याचा. फिंटनच्या वाट्याला काय आले याचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही.

फिंटनने अहवाल दोनदा वाचला. मग खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "डोळे अधू झाले असतील माझे," एवढेच तो म्हणाला आणि निघाला. त्यानंतर तो क्लबात आला नाही. प्लास्टिकची सहा मॅगझीन एकमताने मागवली गेली. मी विद्याधरच्या घरच्या बंदुकीच्या तिजोरीत पडून राहिलो. परत नेऊन द्यायचे त्याला दर शनिवारी आठवे आणि दर शनिवारी तो म्हणे, पुढच्या वेळी.

सहा आठवड्यांनी एका रविवारी सकाळी त्याने मला बाहेर काढले. त्याची बायको गिरिजा चहा घेऊन समोर बसली. ती वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात तपासनीस होती आणि ओर्ला तिच्याच विभागात काम करायची. गिरिजाने सहज मला हातात घेतले, खिडकीच्या उजेडात धरले आणि भिंग मागितले.

"विद्याधर, हे झिजलेलं नाही."

त्याने कप खाली ठेवला.

"झिजलेली कड गुळगुळीत असते. इथे खरवडलंय. आणि पॉलिश उडून आत लख्ख पत्रा दिसतोय. झीज जुनी असती तर तो काळा पडला असता. सिमेंटची कणीपण आहे अजून." तिने भिंग खाली ठेवले. "हे पडलं होतं का?"

"हो."

"कुणाच्या हातून?"

"माझ्या." मग तो भरभर बोलू लागला. "मी सांगणार होतो गं. त्याच दिवशी सांगणार होतो. पण मीच सगळ्यांना सांगत फिरत होतो की पोलाद वाकतं, मग माझ्याच हातून पडलं म्हटलं असतं तर लोकांना वाटलं असतं मुद्दाम पाडलं. आणि नंतर ओर्लाची मॅच गेली. नंतर कसं सांगणार? आणि प्लास्टिकचा निर्णय तसाही बरोबरच आहे. पावसात ती खरंच चांगली चालतायत."

"निर्णयाचं मी विचारतच नाहीये," गिरिजा म्हणाली. "फिंटनने गाडी चालवणं सोडलंय, माहितीये तुला?"

"काय?"

"ओर्ला सांगत होती परवा जेवताना. डोळ्यांवर भरवसा नाही म्हणतो. त्याची बहीण वेक्सफर्डला वृद्धाश्रमात आहे. दर रविवारी जायचा तिच्याकडे. त्याच्या गावाहून बस नाही. सहा रविवार गेलेला नाही तो."

विद्याधरचा चहा तसाच राहिला. थोड्या वेळाने तो उठला आणि मला डब्यात घालून गाडीत बसला. वाटेत तो काय बोलायचे याची वाक्ये जुळवत होता. एकही पुरी होत नव्हती.

फिंटन परसात कांद्याच्या वाफ्यातले तण काढत होता. गाडी दारात धूळ खात उभी होती. विद्याधरने जुळवलेले काहीच म्हटले नाही. "ते माझ्या हातून पडलं होतं," तो म्हणाला. "मी तपासलंय म्हणालो ते खोटं होतं. अहवालही खोटा आहे."

फिंटनने खुरपे मातीत रोवले. "मी चहा करत होतो तेव्हा?"

"हो."

तो वाफ्यातून उठला. मग म्हणाला, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो मी. म्हणाली, तुमचे डोळे उत्तम आहेत. मी तिला म्हटलं, बाई, तुला काय कळतंय, आमच्या इंजिनिअरने लिहून दिलंय." त्याने हात पुढे केला. "आण इकडे."

विद्याधरने मला त्याच्या तळहातावर ठेवले. बोटांना माती होती. फिंटनने डोळे मिटले आणि अंगठ्याचे नख उजव्या ओठावरून फिरवले. मग डाव्यावरून. नख मध्येच थांबले. अगदी नेमक्या जागी.

"मला सापडलं असतं," तो म्हणाला.  "तू बघू दिलं असतंस, तर मला सापडलं असतं."

"माफ करा," विद्याधर म्हणाला.

"बघू पुढे. आज नाही जमणार." त्याने मला परत दिले. "तू आता घरी जा. मला वेक्सफर्डला जायचंय."

आणि तो हातपाय धुऊन खरोखरच गेला. विद्याधर फाटकाशी उभा राहून, ती गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहत होता.

पुढच्या सभेत विद्याधरने नवा अहवाल सगळ्यांसमोर उभे राहून वाचला. ओर्लाने मान वर केली नाही. तिचे ते वर्ष काही परत येणार नव्हते. विद्याधरचे समितीतले नाव काढण्यात आले आणि त्याने ते निमूट मान्य केले. प्लास्टिकची मॅगझीन मात्र राहिली. ती चांगलीच आहेत, हे आता मीही मानतो. फिंटनला किल्ल्या परत देऊ केल्या, तेव्हा तो म्हणाला, दुसऱ्या कुणाला द्या. तो अधूनमधून येतो, नेम धरतो, हवापाण्याचे दोन शब्द विद्याधरशी बोलतो. पूर्वीसारखा शेजारी बसवून घेत नाही. विद्याधर तरीही दर शनिवारी येतो आणि सगळ्यांच्या आधी येऊन शेड झाडतो.

मी आता सामन्यात उतरत नाही. एकदा वाकलेला पत्रा सरळ केला तरी पुन्हा दगा देऊ शकतो, असे फिंटननेच सांगितले. मी एका फळीवर असतो. वाकलेल्या ओठामुळे गोळी कशी अडकते, हे नव्या सदस्यांना दाखवण्यासाठी मला खाली काढतात.

मित्रांनो, पोलाद घ्या, प्लास्टिक घ्या, जे सोयीचे असेल ते घ्या. त्याला पुसा, जपा, कोरडे ठेवा. हातून पडले, तर तेवढ्याने आमचा राग नसतो. हात गारठतात, वस्तू निसटतात. फक्त ज्याच्या भरवशावर ती वस्तू आहे, त्याला त्याच घटकेला जाऊन सांगा. उशिरा सांगितलेलेही सांगितलेलेच असते, हे मी पाहिले आहे. पण मधल्या सहा रविवारी एक म्हातारी बहीण खिडकीपाशी बसून वाट पाहत होती, आणि ते रविवार तिला कुणीच परत देऊ शकत नाही.