एकवीस फेऱ्या

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सोमवारी मी रोहिणीला फसवलं.

रोहिणी माझ्या धाकट्या दिराची मुलगी. सहा वर्षांची, पहिलीत. भाऊबीज झाली आणि तिचे आईवडील, पूजा आणि हनुमंत, संगमनेरकडं ऊसतोडीला गेले. लेकरू झोपेत असतानाच निघाले. जागी असती तर पायांना मिठी घातली असती, तेव्हा केलं ते बरंच केलं असं मलाही वाटलं.

आदल्या दिवशी पूजा म्हणाली होती, "ताई, शाळेत रमली तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर शाळा उघडल्यावर दुसऱ्या रविवारी मुकादमाची गाडी येतीय, तिच्यात बसवून द्या. ऱ्हाईल माझ्यापाशी कोपीवर." फडाशेजारी उसाच्या पाचटाच्या झोपडीत राहिलेल्या पोराचं शाळेचं वर्ष बुडतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

माझा दत्ताचा नेम आहे. शाळेशेजारच्या देवळात औदुंबराला एकवीस फेऱ्या घातल्याशिवाय मी पाणीसुद्धा घेत नाही. त्या सोमवारी आवरता आवरता शाळेचीच वेळ झाली. रोहिणीनं माझा पदर दोन्ही मुठींत धरलेला.

"जा बाळा आत. मी हितंच पायरीवर बसलेली हाय," मी म्हणाले.

ती गेली. मॅडमनी तिला चित्रांचं पुस्तक दाखवलं, आणि मी चपला हातात घेऊन हळूच निघाले. फेऱ्या घातल्या, तीर्थ घेतलं, परत आले तर रोहिणी मांडीवर दप्तर घेऊन पायरीवर बसलेली. रडत नव्हती.

"आत येईना," मॅडम म्हणाल्या. "काकूची जागा धरून बसलेय म्हणते."

मंगळवारी तिनं घराचा खांब धरला तो सोडला नाही. बुधवारीही तेच. ह्यांनी खाऊचं आमिष दाखवलं, शेजारच्या छबूबाईंनी पोलिसाची भीती घातली. संध्याकाळी तांदूळ निवडताना सासूबाईंनी मला विचारलं,

"सोमवारी तू कुठं गेल्ती गं?"

"देवळात, आत्याबाई."

"पोरीला सांगून?"

"न्हाई."

"मंग बरंय. देवाचा नेम चुकत न्हाई आन् लेकराला खुशाल थाप. देव म्हातारा हाय, त्याला सवय झालीय. तिला न्हाई अजून."

मी सुपातले खडे वेचत राहिले. सासूबाईंचं बोलणं तिखट असतं, पण त्या दिवशी मला ते कुठंच खोटं सापडेना.

गुरुवारी दिवस उगवताच फेऱ्या आटोपून आले आणि रोहिणीसमोर बसले. "सोमवारी मी खोटं बोलले. बसते म्हनले आन् गेले. आता जायचं असंल तर तुला सांगून जाईन. आज मात्र मी शाळा सुटस्तोवर पायरीवरच हाय."

तिनं खूप वेळ माझ्याकडं बघितलं. "खरंच?"

"दत्ताची आन."

"देवाची नगं. तुझी घे."

मी माझी घेतली. त्या दिवशी ती वर्गात बसली खरी, पण आठदहा वेळा दारात येऊन मला बघून गेली. मॅडमनी तिला अडवलं नाही. चौथीतल्या एका कारट्यानं मला विचारलं, "काकू, तुमाला पण शाळेत घातलंय का?"

"व्हय," मी म्हणाले. "पन मला खिचडी देत न्हाईत."

शुक्रवारी मी तिला वर्गाच्या खिडकीपाशी नेलं. कुंपणापलीकडं देऊळ आणि औदुंबर स्वच्छ दिसतात. "मी आता तिकडं जानार. एकवीस फेऱ्या घालनार आन् माघारी पायरीवर येनार. हितनं दिसते मी."

"मी मोजू?"

"मोज की."

"मला वीसपातूरच येतंय."

"मंग विसावर आनखी एक."

मॅडमनी तिला मूठभर चिंचोके दिले. मी औदुंबराभोवती फिरत होते आणि खिडकीच्या कट्ट्यावर एकेक चिंचोका पडत होता. शेवटची फेरी घालून वळले तर गजांतून हात हलताना दिसला. पायरीवर पोचले तेव्हा ती दारात आली नाही.

पुढच्या आठवड्यात पहिलीचा सगळा वर्ग मोजायला लागला. मॅडमनी पोरांना आवरणं सोडलं आणि तोच पहिला तास ठरवला. ओठांवर नाम घ्यावं तर कुंपणापलीकडून "अकरा" येई, "बारा" येई. बुधवारी माझं चित्त आजारी गाईकडं लागलेलं. नमस्कार करून निघाले तर मागून आवाज आला, "काकू, दोन राह्यल्या." मी दत्ताची क्षमा मागून पुन्हा मागे फिरले. सतरा वर्षांचा नेम आहे माझा. एकटी मोजत होते तेव्हा किती चुकल्या असतील, ते त्यालाच ठाऊक.

गुरुवारी फेऱ्या झाल्यावर मी खिडकीशी गेले. "आता घरी जाऊ? गाईला औषध पाजायचंय. खिचडीच्या सुट्टीत येते."

ती पाटीवर काहीतरी गिरवत होती. "सुट्टीच्या आधी ये."

मी गेले, आणि घंटा व्हायच्या आधी आलेही.

शनिवारी संध्याकाळी पूजाचा फोन आला. उद्या गाडी येणार होती. मी काही न सांगता मोबाईल रोहिणीच्या कानाला लावला. पूजाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"गाडी येतीय उद्या. येतीस का बाळा माझ्याकडं?"

"न्हाई. सोमवारी फळ्यावर तारीख मी लिहिनार हाय. मॅडमनी सांगितलंय. तू कदी येनार?"

"कारखाना बंद झाला की. पाडव्याच्या आसपास."

"नक्की पाडव्याला?"

"नक्की न्हाई बाळा. थोडं मागंपुढं व्हईल."

"बरं," म्हणून रोहिणीनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि ती आजीकडं पळाली.

पूजा म्हणाली, "चांगलं झालं, ताई. पन मला वाटलं, येते म्हनंल."

"वाटनारच गं," मी म्हणाले.

"वर्गात बसती का नीट? रडत न्हाई ना?"

मी घराच्या पायरीवर बसले आणि तिला त्या पहिल्या सोमवारपासूनचं सगळं सांगायला लागले. मी फसवलं होतं, तेही. पूजा मध्ये मध्ये हसत होती, नाक ओढत होती, आणि मागं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता.