मुलाची मावशी

आजारी माणसांची उस्तवार करायला मावशी घरोघर जात. अंथरुणाला खिळलेल्याला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चमच्याने भरवायचं, हे त्यांचं काम. ज्या घरात जातील तिथले लहानथोर त्यांना मावशीच म्हणत. गोड बोलणारेही मावशी म्हणत आणि खेकसणारेही.

असंच एक घर गेल्या वर्षी सुटलं, कारण तिथली बाई गेली. आता तिच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न होतं आणि त्याने फोनवर बजावलं होतं, "मावशी, यायचं म्हणजे यायचं." मावशींनाही जायचंच होतं. त्या बाईने अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ होणाऱ्या सुनेसाठी एक निरोप ठेवला होता. तो एकदा पोचवला की डोक्यावरचं ओझं उतरलं, एवढाच त्यांचा विचार.

हॉलमध्ये पाऊल टाकलं, पण जवळपास ओळखीचा चेहरा दिसेल तर शपथ. नवरामुलगा आणि त्याचे वडील लांब स्टेजवर, माणसांच्या गराड्यात. मावशी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि उगाच पिशवीचे बंद आवळू लागल्या. तेवढ्यात घामाने डबडबलेल्या, आवाज बसलेल्या एक बाई समोर आल्या. मुलीची आई ती. कोणी न सांगताही कळत होतं.

"तुम्ही कोणाकडच्या हो?"

"मुलाकडची."

"त्याच्या कोण?"

तोंडाला जे सवयीचं होतं तेच मावशी बोलून गेल्या. "मावशी."

"अगं बाई! म्हणजे विहीणबाईंच्या बहीण! आणि अशा चोरासारख्या मागे काय उभ्या? मघापासून डोळे लागलेत आमचे. गाडीला उशीर झाला म्हणे?"

दंडाला धरून ती माउली त्यांना पुढे घेऊन निघाली. "वाट द्या, वाट द्या, मुलाची मावशी आहे!" माणसं खरंच बाजूला होत होती. दारापासून पुढच्या रांगेपर्यंत 'अहो, मी तशी मावशी नव्हे' एवढं बोलायला वेळ भरपूर होता. पण आजवर कोणी त्यांच्यासाठी वाट मागितली नव्हती. मावशी तिच्यामागून चालत राहिल्या.

खुर्चीत बसवून मुलीच्या आईने त्यांचा हात हातात घेतला. "शेवटी तुम्हीच होतात ना जवळ?"

"मीच होते."

"फार हाल झाले का हो?"

"नाही. झोपेतच गेल्..." गेल्या म्हणायला उघडलेलं तोंड मावशींनी मध्येच मिटलं. सख्ख्या बहिणीला कोणी 'गेल्या' म्हणत नाही. "झोपेतच गेली," त्या म्हणाल्या. तोवर तोंडून एकही शब्द खोटा निघाला नव्हता. हा निघाला, आणि कानांच्या पाळ्या तापल्या.

मग घाईघाईने त्यांनी निरोप सांगून टाकला. "तिने सुनेला सांगायला सांगितलंय. मुलगा रुसला की जेवत नाही. समजूत काढत बसू नकोस. ताट वाढायचं आणि तिथून उठून जायचं. पाठ फिरली की निमूट जेवतो."

मुलीची आई हसता हसता डोळे पुसू लागली. "आमच्या ह्यांचंही अगदी हेच! आजच सांगते पोरीला. सासूचा पहिला शब्द आहे हा."

तोच दाराशी गलका झाला. हातात बॅग, केस विस्कटलेले, अशी एक बाई तडक स्टेजवर चढली आणि नवरामुलगा लहान पोरासारखा ओरडला, "आली! आमची मावशी आली एकदाची!" तिच्या खांद्यावरून त्याची नजर पुढच्या रांगेकडे गेली. "अरे वा, मावशी, तुम्ही पण आलात! आईचं सगळं यांनी केलं हं. आमच्याकडे कामाला होत्या."

त्याच्या मनात काही नव्हतं, कौतुकानेच बोलला तो. पण हातातला हात अलगद सुटला. कोणीतरी म्हणालं, "जरा उठता का? मावशींना बसू द्या." मावशी उठल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशाच घरी जावं, असं त्यांना फार वाटलं. पण निरोप अजून मुलीच्या आईपर्यंतच पोचला होता, सुनेपर्यंत नाही. जेवणाच्या दारापाशी त्यांनी मुलीच्या आईला गाठलं.

"ताई, माझं चुकलं. मला सगळेच मावशी म्हणतात, म्हणून आधी तोंडातून गेलं. नंतर मात्र मी सांगायला हवं होतं."

"असू द्या हो. गडबडीत माझाच घोटाळा झाला." बाई चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. मग जरा संकोचून त्या म्हणाल्या, "ते ताटाचं... ते तरी त्या म्हणाल्या होत्या का?"

"म्हणाल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या होत्या."

"बरं, बरं. जेवून जा हं."

तेवढ्यात मुलीच्या आईला स्टेजवरून हाक आली. मावशी खालून बघत राहिल्या. मुलीची आई स्टेजवर गेली, लेकीच्या कपाळावरची बट मागे सारली, तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली आणि लगेच दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली. निरोप सांगायला याहून जास्त वेळ लागला असता.