खालच्या थराची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. तुमच्या करंगळीएवढी. आवाज जरा घोगरा, पण मैदानाच्या पार टोकापर्यंत जातो.

माझा जन्म नाशिकचा नाही. शंभर वर्षांपूर्वी युक्रेनचे सैनिक लढाई हरले, त्यांचा देश गेला. शेजारच्या पोलंडने त्यांची हत्यारं काढून घेतली आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. घरी जाता येईना, हाताला काम नाही, जेवण बेताचं. माणसं नुसती पडून राहू लागली. तेव्हा त्यांच्यातल्याच एका कसरतीच्या शिक्षकाने सगळ्यांना रोज मैदानावर काढलं. धावणं, फुटबॉल, आणि एकमेकांच्या पाठीवर चढून रचलेले मनोरे! त्यानेच मला एका रिकाम्या काडतुसापासून घडवलं.

पण मी त्याच्या गळ्यात राहिले नाही. अर्धपोटी माणूस कधी कोसळेल याचा नेम नसे, आणि सैनिक काही तोंडाने 'जमत नाही' म्हणणार नाहीत. म्हणून मनोरा रचताना मी सर्वांत खालच्या माणसाच्या दातांत असे. मी वाजले की वरचे मुकाट उतरत. कुणी हसत नसे. ते दिवस कठीण होते, तरी माझे फार आनंदाचे होते.

पुढे मी कपाटात विसरले गेले. युक्रेनमध्ये त्या शिक्षकाच्या म्हाताऱ्या नातीकडे नाशिकची तृप्ती भाड्याने राहून डॉक्टरकी शिकत होती. पुन्हा युद्ध पेटलं, तृप्तीला परत यावं लागलं. निघताना आजींनी माझी गोष्ट सांगून मला तिच्या हाती दिलं. "वाटेत अडकलीस तर वाजव," म्हणाल्या. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

तृप्तीची भाची निकिता नाशिकमधल्याच अंबडजवळच्या शाळेत जाते. सव्वीस जानेवारीच्या मनोऱ्यात ती खालच्या थरात होती. सरावाला तिची आई चैताली रोज कुंपणाशी उभी. मुलं चिडवायची, "निकिताची मम्मी म्हणजे सीसीटीव्ही!" पण निकिताचे हात थरथरतात, हे त्या सीसीटीव्हीलाच दिसलं.

"दुखतं का गं?"

"नाही."

"खरं सांग."

"सांगितलं की तू सरांना सांगणार, आणि सर मला काढणार!"

चैतालीने ठरवलं, उद्या नावच काढून घ्यायचं. निकिता जेवलीच नाही. मग तृप्तीने माझी गोष्ट सांगून मला पुढे केलं.

"ताई, नाव नको काढूस. ही दे तिला."

"दातांत? आणि गिळली म्हणजे?"

"अगं, दोरी बांध की!"

चैतालीने मला चांगलं उकळून काढलं आणि जाड दोरी बांधली. कोंडाजी सरांना काही ते पटेना. "अहो ताई, खालची पोरं शिट्ट्या मारायला लागली तर मनोरा व्हायचा कधी?"

"सर, ती बोलत नाही हो. वाजवेल तरी."

"बघू," सर म्हणाले.

सव्वीस जानेवारीला मैदान भरलं होतं. दोन थर लागले. सगळ्यांत वर जायला रुद्र चढू लागला, तोच निकिताचा श्वास माझ्यात शिरला. मी वाजले! मुलं एकेक करून खाली उतरली. निकिताचे डोळे भरून आले.

सर तिच्याजवळ वाकले. "काय झालं गं?"

"घामाने हात सरकतोय, सर."

सरांनी खिशातला रुमाल काढून तिचे तळवे पुसले. हात थोडे जवळ टेकायला सांगितले. "आता?"

"आता जमेल."

मनोरा पुन्हा रचला. या वेळी मी तिच्या दातांत शांत होते. रुद्र वर ताठ उभा राहिला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. कुंपणाशी चैतालीही टाळ्या वाजवत होती.

खाली उतरल्यावर रुद्र हळूच म्हणाला, "सर, मघाशी मलापण भीती वाटत होती. वरच्याला पण एक शिट्टी द्या ना!"

सर हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच आणखी शिट्ट्या आणल्या.

मित्रांनो, आम्हाला वापरून झालं की धुऊन कोरडं ठेवा. आणि गरज पडली तर वाजवायला लाजू नका. कपाटात गप्प पडून राहायला आम्हाला मुळीच आवडत नाही.