मोरपंखी ठिपका

स्यू पेइचनने नीलमण्याच्या चकतीवर सुई टेकवून वीज सोडली. चकतीवर ठिपका पेटला. निळा हवा होता, मोरपंखी निघाला. तिने सुई अशी आपटली, की शेजारची माणसं आपापल्या संगणकाच्या पडद्यांत डोकं घालून बसली.

कारखान्याचे प्रमुख को साहेब हाताची घडी घालून मागे उभे होते. आठवडाभर ते चारचौघांत एकच ऐकवत होते : थरांची रेसिपी स्यूबाईंची, तेव्हा खोटही स्यूबाईंचीच. उद्यापासून चकतीवर थर चढवणारी भट्टी दुसऱ्याच्या हाती जाणार होती. तैवानमधल्या सिंचूच्या या एलईडी दिव्यांच्या कारखान्यात ज्या निळ्यापायी पेइचनने नववर्षाची घरची जेवणंसुद्धा चुकवली, तो निळा आता दुसरा कुणीतरी दुरुस्त करणार होता.

"इलेक्ट्रॉन खड्ड्यात पडतो आणि गमावलेली ऊर्जा प्रकाश होऊन निघते. खड्डा उथळ झाला, की रंग हिरव्याकडे सरकतो," ती म्हणाली.

"हे मी कॉलेजात शिकलो. उथळ का झाला ते सांगा."

"भट्टी थंड पडतेय. थंडीत थरात इंडियम धातू जास्त बसतो, त्याने खड्डा उथळ होतो."

"तापमापक तर बरोबर आकडा दाखवतोय."

"मग तो खोटं बोलतोय."

"सगळेच खोटं बोलतात, स्यूबाई. तुमची रेसिपी तेवढी खरी."

ती ताडताड मागच्या गल्लीत गेली. तिथे यंत्रांची कपाटं होती आणि प्रत्येक कपाटावर मक्याच्या खाऊचं एकेक हिरवं पाकीट. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवलेलं. रंग हिरवाच हवा, कारण हिरवा दिवा म्हणजे यंत्र सुरळीत. पाकिटावरची मुदत संपेपर्यंत ते कुणी खायचं नाही, हलवायचंही नाही. पेइचन या प्रकाराला हसायची, पण स्वतःच्या भट्टीचं पाकीट कधी चुकवायची नाही.

तापमापकाच्या कपाटावरचं पाकीट नवं होतं, चांगलं उशीएवढं. वर को साहेबांची ठसठशीत सही. ते आडवं पडलं होतं कपाट थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या जाळीवर, पुरती झाकून. तिने कपाटाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तापलेला तापमापक भट्टीचा आकडा चढवून सांगत होता, आणि त्यावर विसंबून भट्टी आच कमी करत होती.

"जाळी झाकलीय, दिसलं नाही तुम्हाला?" तिने गल्ली सांभाळणाऱ्या आ-हुईला विचारलं.

"दिसलं की."

"मग?"

"ताई, साहेबांनी दोन्ही हातांनी, वाकून ठेवलंय. ते मी हलवू? मला पेन्शन हवीय."

तिने को साहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी कपाट चाचपलं. माणूस हुशार, समजायला वेळ लागला नाही. मग खालच्या आवाजात त्यांनी तोडगा काढला : उद्याच्या बैठकीत तिने रेसिपीत किरकोळ दुरुस्ती केल्याचं सांगावं, भट्टी तिच्याकडेच राहील, विषय मिटेल. एवढं बोलून त्यांनी पाकिटाकडे हात नेला.

पेइचनने त्यावर तळहात दाबून धरला.

"मुदत संपेपर्यंत हलवायचं नसतं, साहेब."

"कधी संपतेय?"

"मार्चात," आ-हुई वरच्या गॅसच्या नळाकडे बघत म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"रेसिपीला मी बोट लावणार नाही," पेइचन म्हणाली. "सगळ्यांसमोर एक चकती हे पाकीट इथे असताना काढू. मग तुमच्या हाताने उचला, आणि दुसरी काढू."

को साहेबांनी स्वतःच्याच सहीकडे बघत पुढे केलेला हात मागे घेतला.

"सकाळी बोलवा सगळ्यांना," ते म्हणाले आणि वळले.

पाकिटातून धग वर येत होती. को साहेब गल्लीच्या टोकाचं दार ओढून बाहेर पडेपर्यंत तिने हात काढला नाही.